कुत्र्याला कच्चे मांस द्यावे का? ‘ताजे’ आणि ‘कच्चे’ यांतला फरक

डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्यात एक पाळीव मांजर बर्ड फ्लूने दगावले. ते कधी घराबाहेर पडत नसे, त्यामुळे आजारी पक्ष्याशी त्याची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. तपासात बोट गेले ते त्याच्या ताटलीतल्या टर्कीच्या गोठवलेल्या कच्च्या खाद्याकडे. त्या खाद्यात एच५एन१ विषाणू सापडला आणि मांजराच्या शरीरातल्या विषाणूशी त्याची जनुकीय रचना तंतोतंत जुळली. कुत्री या विषाणूला मांजरांइतकी सहज बळी पडत नाहीत. तरीही याच पद्धतीचे खाद्य कुत्र्यांनाही दिले जात असल्यामुळे, कच्चे मांस हा कुत्र्याचा निसर्गदत्त आहार आहे की विनाकारण ओढवून घेतलेला धोका, हा जुना वाद त्या बातमीनंतर पुन्हा सुरू झाला.

हा वाद बहुधा एका गल्लतीमुळे चिघळतो. कच्च्या आहाराचे जे गुण सांगितले जातात, त्यांतले बरेचसे ताज्या अन्नाचे असतात, कच्चेपणाचे नसतात. या दोन शब्दांची गाठ सोडवली की बाकीचे प्रश्न एकेक करून तपासता येतात.

## कच्चा आहार म्हणजे नेमके काय

न शिजवलेले मांस, चावता येण्याजोगी हाडे आणि कलेजीसारखे अवयव, त्यांच्या जोडीला कधी कच्चे अंडे किंवा थोडी भाजी, असे या आहाराचे ढोबळ रूप असते. ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३च्या सुमारास या कल्पनेचा जोरदार पुरस्कार केला आणि ‘बार्फ’ या नावाने ती जगभर पसरली. काही जण घरीच ८० टक्के मांस, १० टक्के हाडे आणि १० टक्के अवयव असे प्रमाण ठरवून घेतात. काही जण कारखान्यात तयार झालेल्या गोठवलेल्या विटा विकत घेतात, तर काही जण गोठवून सुकवलेले तुकडे आणतात. हे तुकडे दिसायला कोरडे आणि हाताळायला सोपे असले तरी ते कच्चेच असतात, आणि ही गोष्ट पाकीट हातात घेणाऱ्याच्या लक्षात सहसा येत नाही.

कुत्र्यांसाठीचे कारखानी खाद्य हे तसे अलीकडचे आहे. जेम्स स्प्रॅट यांनी १८६०च्या दशकात लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटे विकायला सुरुवात केली, आणि आजचे दाणेदार कोरडे खाद्य तर १९५०च्या दशकातले. त्याआधी कुत्री कच्चे मांस खाऊन जगत होती असा समज मात्र बरोबर नाही. माणसाच्या उंबऱ्याशी राहणारा कुत्रा त्याच्या घरात उरलेले अन्न, म्हणजे बऱ्याचदा शिजलेलेच अन्न खात आला आहे.

## लांडग्याचा वारस, पण लांडगा नव्हे

कच्च्या आहाराच्या बाजूने पहिला युक्तिवाद केला जातो तो लांडग्याच्या नावाने. कुत्रा लांडग्यापासून आला, लांडगा कच्चे मांस खातो, म्हणून कुत्र्यानेही तेच खावे, असा तो युक्तिवाद आहे. त्याचा पहिला भाग खरा आहे. मात्र कुत्रा आणि लांडगा वेगळे होऊन किमान पंधरा हजार वर्षे लोटली आहेत आणि या काळात कुत्र्याच्या पोटाचा कारभार बदलला आहे.

स्वीडनमधील संशोधकांनी २०१३मध्ये कुत्रे आणि लांडगे यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्ट, म्हणजे धान्यातला आणि कंदांतला स्टार्च, पचवणारे अमायलेज नावाचे एन्झाइम स्वादुपिंडात तयार होते. ते बनवण्याची कृती सांगणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात, तर कुत्र्यांत त्या ४ ते ३० पर्यंत आढळल्या. एकाच कामावर दोन माणसांऐवजी पंधरा-वीस माणसे लावावीत, तसा हा बदल आहे. माणसाच्या वस्तीशेजारी जे कुत्रे शिजलेले धान्य नीट पचवू शकले ते टिकले आणि त्यांची पिल्ले पुढे आली.

शिवाय लांडग्याचा आहार हा आदर्श आहार आहे, हे तरी कोणी ठरवले? जंगलातला लांडगा बहुधा सहा-आठ वर्षांपलीकडे जगत नाही आणि त्याच्या आतड्यांत जंतांची वस्ती नेहमीचीच असते. पिल्ले होऊन ती वाढेपर्यंत जगणे एवढीच निसर्गाची अपेक्षा असते. आपल्या कुत्र्याने तेराव्या वर्षीही जिना चढावा, ही अपेक्षा आपली असते.

आणखी एक फरक आहे. लांडगा अख्खे भक्ष्य खातो, आणि त्यात रक्त, कातडी, आतडी, डोळे, मेंदू, थायरॉईड ग्रंथी हे सगळे आले. आपण ताटलीत ठेवतो ते बाजारातले स्वच्छ केलेले मांस. पुढचा मुद्दा त्यातूनच निघतो.

## पहिला हिशोब: पोषणाचा

कच्च्या आहाराच्या चर्चेत जिवाणूंचा मुद्दा आधी येतो, पण माझ्या मते घरी मिश्रण करणाऱ्यांच्या बाबतीत पोषणातली तूट हा तितकाच मोठा आणि कमी दिसणारा धोका आहे. त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे कॅल्शियम.

कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण साधारण १ ला १ ते २ ला १ असावे लागते. हाडाविना नुसत्या मांसात मात्र फॉस्फरस कॅल्शियमच्या १५ ते २० पट असतो. रक्तातल्या कॅल्शियमची पातळी शरीराला कोणत्याही परिस्थितीत सांभाळावीच लागते, कारण हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. रक्त हे चालू खाते मानले, तर हाडे ही मुदत ठेव आहे. आहारातून जमा होईनासे झाले की गळ्याजवळच्या पॅराथायरॉईड ग्रंथींचे संप्रेरक ती ठेव मोडू लागते. रक्ततपासणीत कॅल्शियम ठीक दिसते, कारण खात्यातली शिल्लक कायम राखलेली असते, आणि ठेव संपत आल्याचे कोणाला कळत नाही.

प्रौढ कुत्र्याची ठेव मोठी असल्यामुळे हे दिसायला महिने किंवा वर्षे लागतात. पिल्लाला तेवढा अवकाश मिळत नाही. नुसता खिमा खाऊन वाढणारे पिल्लू काही आठवड्यांत लंगडू लागते, उचलले की कळवळते, आणि सोफ्यावरून उडी मारल्याचे निमित्त होऊन त्याचे हाड मोडते. अशा पिल्लाच्या एक्स-रेमध्ये एरवी पांढरीशुभ्र उमटणारी हाडे फिकट पडतात आणि भोवतालच्या मांसाच्या करड्या छटेत मिसळून गेलेली दिसतात.

यावर उपाय म्हणून भरपूर हाडे किंवा कॅल्शियमची पूड घालावी, तर मोठ्या जातींच्या पिल्लांत उलट बाजूचे संकट येते. काही महिन्यांच्या पिल्लाचे आतडे जास्तीचे कॅल्शियम अडवू शकत नाही. जेवढे येईल त्यातले बरेचसे ते आत घेते, आणि मग सांध्यांची व हाडांची वाढ बिघडते. म्हणून वाढत्या पिल्लाच्या बाबतीत ‘अंदाजे’ हा शब्द आहारातून वगळलेलाच बरा.

कॅल्शियमचा हिशोब जुळवला तरी जस्त, आयोडीन, मँगनीज, ई आणि डी जीवनसत्त्वे यांची तूट मांस-हाडे-अवयवांच्या ठरावीक प्रमाणात सहज राहून जाते. दुसरीकडे कलेजी सढळ हाताने दिली तर अ जीवनसत्त्व साचत जाते. एक विलक्षण उदाहरण जर्मनीतील पशुवैद्यांनी २०१२मध्ये नोंदवले. कच्चा आहार घेणाऱ्या काही कुत्र्यांच्या रक्तात थायरॉईडचे संप्रेरक वाढलेले आढळले. त्यांच्या स्वतःच्या ग्रंथीत दोष नव्हता, तर खाण्यात आलेल्या जनावरांच्या गळ्याच्या मांसाबरोबर थायरॉईड ग्रंथी पोटात जात होती. आहार बदलल्यावर पातळी खाली आली.

शिजवल्याने हा हिशोब आपोआप सुटतो असे मात्र नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३मध्ये घरी करायच्या कुत्र्यांच्या अन्नाच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी भरला. आज मांस, उद्या अंडी, परवा मासे असे बदलत राहिले की सगळे भरून निघते, ही समजूतही त्यांना टिकणारी वाटली नाही, कारण बऱ्याच पाककृतींत तेच तेच घटक कमी होते.

## दुसरा हिशोब: जंतूंचा

मांसाच्या अख्ख्या तुकड्यावर जिवाणू असतात ते मुख्यतः पृष्ठभागावर. त्याचा खिमा केला की पिठात मीठ मळावे तसे ते आतपर्यंत मिसळतात. कुत्र्यांचे कच्चे खाद्य बहुतेक वेळा खिम्याच्या रूपात असते, आणि ते न शिजवताच खायचे असल्यामुळे जंतू मारण्याची आपल्या स्वयंपाकघरातली नेहमीची पायरी इथे गाळलेली असते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात केलेल्या पाहणीत कच्च्या खाद्याच्या १९६ नमुन्यांपैकी १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया हे जिवाणू सापडले. नेदरलँड्समधील युट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८मध्ये ८ ब्रँडची ३५ गोठवलेली खाद्ये तपासली, तेव्हा साल्मोनेला ७ मध्ये, लिस्टेरिया १९ मध्ये, आणि अनेक महत्त्वाच्या अँटिबायोटिकांना दाद न देणारे ई. कोलाय जिवाणू तब्बल २८ मध्ये आढळले. हा शेवटचा आकडा मला सर्वांत अस्वस्थ करतो. असे जिवाणू कुत्र्याला आजारी पाडतीलच असे नाही. पण ते घरातल्या माणसांच्या आतड्यांत मुक्कामाला आले, तर पुढे कधीतरी होणाऱ्या साध्या मूत्रमार्गाच्या संसर्गावर नेहमीचे औषध लागू पडत नाही.

घरात हे कसे पसरते ते पाहण्यासाठी एक नेहमीचे दृश्य पुरेसे आहे. रात्री गोठवलेली वीट बाहेर काढून ओट्यावर ठेवली जाते. सकाळी तिच्या कडा मऊ होऊन खचलेल्या असतात, मध्यभागी अजून बर्फाचा खडा असतो आणि पाकिटाखाली गुलाबी पाण्याचे थारोळे जमलेले असते. मधला भाग गोठलेला दिसतो म्हणून सगळेच थंड असेल असे वाटते. प्रत्यक्षात बाहेरचा थर कित्येक तास जिवाणूंना मानवणाऱ्या तापमानात राहिलेला असतो. ते पाणी पुसलेले फडके नळाला लागते. कुत्रा ताटली चाटूनपुसून साफ करतो, मग स्वतःचे अंग चाटतो, आणि पाच मिनिटांनी जमिनीवर खेळणाऱ्या मुलाचा गाल चाटतो.

युनायटेड किंग्डममध्ये २०१७ साली ई. कोलाय ओ१५७ या घातक प्रकाराची चार जणांना लागण झाली आणि त्यांतली एक व्यक्ती दगावली. आरोग्य यंत्रणेच्या तपासात या घटनेचा धागा कुत्र्यांना दिल्या जाणाऱ्या कच्च्या मांसाकडे, विशेषतः वजडीकडे गेला.

जिवाणूंखेरीज परजीवींचाही विचार करावा लागतो. मेंढ्या आणि गुरे यांच्या यकृतात किंवा फुप्फुसात एकायनोकॉकस नावाच्या फीतकृमीच्या गाठी असू शकतात. असा अवयव कच्चा खाल्ला की कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे असंख्य कृमी वाढतात. कुत्र्याला त्यांचा फारसा त्रास होत नाही, पण त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि ती माणसाच्या पोटात गेली तर यकृतात वा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी वाढत राहतात. कधीकधी त्या लक्षात येईपर्यंत वर्षे उलटलेली असतात. कच्च्या डुकराच्या मांसातून होणारा आउयेस्की हा विषाणूजन्य रोग तर कुत्र्याला वाचू देत नाही.

## ‘पण गोठवल्यावर जंतू मरत नाहीत का?’

परजीवींच्या बाबतीत याचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. पुरेशा कमी तापमानाला पुरेसे दिवस ठेवल्यास अनेकांच्या गाठी निष्प्रभ होतात. जिवाणूंच्या बाबतीत ते नकारार्थी आहे. शीतगृहात ठेवलेले बियाणे मरत नाही. ऊब आणि ओल मिळाली की उगवते. साल्मोनेलाचे तसेच आहे. लिस्टेरियाला तर उबेचीही गरज लागत नाही. तो फ्रिजच्या नेहमीच्या थंडीतही सावकाश वाढत राहतो.

काही उत्पादक खाद्यावर वातावरणाच्या सुमारे सहा हजार पट दाब देऊन जिवाणू फोडतात. या उच्च-दाब प्रक्रियेने संख्या खूपच घटते, म्हणून प्रक्रिया केलेले खाद्य न केलेल्यापेक्षा नक्कीच बरे. तरीही ते निर्जंतुक ठरत नाही, आणि पाकीट उघडल्यानंतरची काळजी तेवढीच घ्यावी लागते.

## ‘माझ्या कुत्र्याला इतक्या वर्षांत काहीच झालेले नाही’

हे खरे असू शकते. कुत्र्याच्या पोटातले आम्ल तीव्र असते आणि निरोगी प्रौढ कुत्रा असे बरेच काही पचवून जातो. परंतु कुत्रा आजारी न पडणे आणि घर सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडात २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६ कुत्र्यांना साल्मोनेला असलेले कच्चे खाद्य देण्यात आले. त्यांतल्या ७ कुत्र्यांच्या विष्ठेतून पुढे १ ते ७ दिवस तो जिवाणू बाहेर पडत राहिला, आणि त्यांपैकी एकही कुत्रा आजारी दिसत नव्हता. म्हणूनच रुग्णालयांत रुग्णांना भेटायला नेल्या जाणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्यांसाठी पेट पार्टनर्स या अमेरिकी संस्थेने २०१०पासून कच्चा मांसाहार बंद केला. अमेरिकी पशुवैद्यक संघटनेनेही २०१२मध्ये कुत्र्या-मांजरांना कच्चे मांस देऊ नये अशी भूमिका स्वीकारली.

## ‘शिजवल्याने एन्झाइम नष्ट होतात’

होतात, पण त्याने बिघडत काही नाही. एन्झाइम म्हणजे पचनाला हातभार लावणारी प्रथिने, आणि मांसातली एन्झाइम पोटातल्या आम्लात तशीही मोडून पडतात. पचनासाठी लागणारी एन्झाइम कुत्र्याचे स्वादुपिंड स्वतः बनवते. ज्या कुत्र्यांत ती बनतच नाहीत, त्यांना पशुवैद्य कधीकधी औषध म्हणून कच्चे स्वादुपिंडच देतात, हे इथे सांगायला हवे. पण तो आजाराचा उपचार झाला. शिजवल्याने काही जीवनसत्त्वे थोडी घटतात आणि ती भरून काढता येतात. उलट काही अन्न शिजवल्यानेच सुधारते. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागातले ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन जीवनसत्त्वाला अडकवून ठेवते, आणि काही जातींच्या कच्च्या माशांतले एक एन्झाइम बी१ जीवनसत्त्व नष्ट करते. दोन्ही उष्णतेने निकामी होतात.

## ‘केस चमकतात, शी कमी होते, दात स्वच्छ राहतात’

केसांची चमक बहुतेक वेळा आहारातल्या वाढलेल्या स्निग्धांशामुळे येते आणि ती शिजवलेल्या अन्नानेही येते. शीचे प्रमाण कमी होते हे निरीक्षण बरोबर आहे; मांस अधिक पचते आणि त्यात तंतू कमी असतात. त्यावरून प्रकृतीचा निष्कर्ष काढता येत नाही. शी खडूसारखी पांढरी आणि भुसभुशीत होऊ लागली, तर हाडे जास्त होत आहेत आणि बद्धकोष्ठ जवळ आले आहे, असे समजावे.

हाडे चघळल्याने दातांवरचे कीटण खरोखरच कमी होते. प्रयोगांत तसे दिसले आहे. तोट्याची बाजू अशी की जनावराच्या पायाची कठीण नळी चावताना वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरफळून निघते, आणि गिळलेला तुकडा अन्ननलिकेत किंवा आतड्यात अडकला तर शस्त्रक्रिया करावी लागते. शिजवलेली हाडे अधिक ठिसूळ होऊन टोकदार फुटतात, म्हणून ती तर देऊच नयेत.

कच्च्या आहाराच्या बाजूने आलेले एक संशोधन मात्र झटकून टाकण्यासारखे नाही. हेलसिंकी विद्यापीठाच्या पाहण्यांत, पिल्लूपणी घरचे आणि कच्चे अन्न खाल्लेल्या कुत्र्यांत पुढे त्वचेच्या ॲलर्जीच्या व आतड्याच्या जुनाट तक्रारी कमी आढळल्या. ही माहिती मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांतून आलेली आहे. जो मालक एवढ्या हौसेने आहार बनवतो, तो कुत्र्याची इतर काळजीही वेगळी घेत असणार, आणि त्यामुळे कारण कोणते हे अशा पाहणीतून ठरत नाही. शिवाय कच्चे आणि ताजे यांची फारकत करून मोजल्याशिवाय श्रेय कोणाला द्यायचे, हा प्रश्न तिथेही उरतोच.

## ‘कोरडे खाद्य तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहे?’

नाहीच. २००७मध्ये मेलामाइन या रसायनाची भेसळ झालेले तयार खाद्य खाऊन अमेरिकेत कित्येक कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली. कोरड्या खाद्यातही अधूनमधून साल्मोनेला सापडतो आणि तो माल परत मागवावा लागतो. पशुवैद्यांचे मत खाद्य-उद्योगाच्या पैशाने झुकते, हा संशयही सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. मात्र गोठवलेल्या कच्च्या विटा विकणाऱ्याही कंपन्याच आहेत. म्हणून कंपनीकडे न पाहता वर सांगितलेल्या दोन हिशोबांकडे पाहावे. त्यांत चांगले कोरडे खाद्य पोषणाच्या बाबतीत बहुधा जुळते आणि जंतूंच्या बाबतीत कच्च्यापेक्षा खूपच सुरक्षित ठरते. त्याला ताजेपणा नाही, ही तक्रार उरते, आणि ती रास्त आहे.

## मग ताजे अन्न द्यायचे असेल तर

ते शिजवून द्यावे. कोंबडीचे मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोचले की साल्मोनेलाचा प्रश्न मिटतो, आणि त्यासाठी ते तासभर उकळत ठेवावे लागत नाही. हाडे वगळायची असल्यामुळे कॅल्शियम वेगळे घालावे लागते. अंड्याच्या कवचाची बारीक पूड यासाठी चालते, कारण तिच्यात कॅल्शियम भरपूर आणि फॉस्फरस जवळजवळ नसतो. किती पूड, किती जस्त, आयोडीनसाठी काय, हे कुत्र्याचे वजन आणि वय पाहून पशुवैद्यानेच, शक्य तर पोषणात विशेष शिक्षण घेतलेल्या पशुवैद्याने ठरवावे. तयार खाद्य घेताना पाकिटावर ‘संपूर्ण आहार’ असे लिहिले आहे की ‘पूरक आहार’, एवढे तरी वाचावे. पूरक म्हणजे अधूनमधून द्यायचे, रोजचे जेवण नव्हे.

## तरीही कच्चेच द्यायचे ठरले असेल तर

घरात पाच वर्षांखालील मूल, गर्भवती, वृद्ध किंवा कर्करोगाचे उपचार घेणारी व्यक्ती असेल तर हा विचार सोडूनच द्यावा. पिल्लाच्या आणि आजारी कुत्र्याच्या बाबतीतही तेच. इतर घरांत उच्च-दाब प्रक्रिया केलेले, ‘संपूर्ण’ असे लिहिलेले खाद्य निवडावे. ते ओट्यावर न ठेवता फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, कडा असलेल्या भांड्यात विरघळू द्यावे. सुरी, फळी आणि ताटली वेगळी ठेवावी. उरलेले अन्न ताटलीत तासन्‌तास राहू देऊ नये. ताटली धुतली म्हणजे झाले, असेही मानू नये. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साबण, ब्लीच आणि डिशवॉशर वापरूनही काही ताटल्यांवर साल्मोनेला टिकून राहिला होता, म्हणून ओरखडे धरणाऱ्या प्लास्टिकपेक्षा स्टीलची ताटली घ्यावी. फीतकृमीवर चालणारे जंतनाशक किती दिवसांनी द्यायचे, हे पशुवैद्याला कच्च्या आहाराची स्पष्ट कल्पना देऊन विचारून घ्यावे. आणि घरात कोणाला ताप येऊन रक्त पडणारे जुलाब लागले, तर डॉक्टरांना इतर लक्षणांबरोबर घरातला कुत्रा कच्चे मांस खातो हेही सांगावे. त्यांनी विचारले नाही तरी सांगावे, म्हणजे शौचाचा नमुना पहिल्याच दिवशी तपासणीला जाईल.